तिचं काम मोजलं जाऊ द्या

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचे प्रगणक ओझरमध्ये दारोदार फिरतील, तेव्हा निफाड तालुक्यात द्राक्षांची तोडणी भरात असेल. पुष्कळ घरांतल्या बाया सकाळीच बागेत गेलेल्या असतील. त्यांच्या कामाबद्दल घरातलं दुसरंच कुणी सांगेल, ‘ती काही करत नाही, घरीच असते.’ अशा उत्तरांनी देशाची आकडेवारी एकदा बिघडलेली आहे.

१९६१ च्या जनगणनेत हंगामाचा बराचसा काळ रोज तासाभराहून जास्त नियमित काम करणाऱ्याला कामकरी धरलं होतं. १९७१ मध्ये प्रश्न बदलला: मुख्य काम कोणतं? बायांच्या नावापुढे घरकाम लिहिलं गेलं, शेतातले कष्ट मागे पडले. देशातल्या कामकरी स्त्रियांची नोंद जवळजवळ निम्म्यावर आली. बाया शेतात राबतच होत्या. मोजायची पट्टी तेवढी बदलली होती. पुढे १९८१ मध्ये सहा महिने किंवा अधिक काम करणारे ‘मुख्य’ आणि त्याहून कमी करणारे ‘सीमांतिक’ असे दोन गट करून ही चूक काहीशी सुधारली.

ओझरचा कायापालटही १९६१ आणि १९७१ या दोन जनगणनांच्या मधला. १९६४ मध्ये इथे मिग विमानांचा कारखाना आला आणि शेतीचं गाव कामगारांचंही झालं. आज ओझरला नगरपरिषद आहे, पण जनगणनेने त्याला त्याआधीच शहर मानलं होतं. त्यासाठीचे निकष तीन: किमान ५,००० लोकवस्ती, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर. यात बायांचं काम धरलेलंच नाही. हा निकष अन्यायाचा आहे आणि तो बदललाच पाहिजे.

प्रगणकांनी ‘काम करता का?’ एवढंच विचारून पुढे जाऊ नये. छाटणी, डिपिंग, विरळणी, तोडणी, कांद्याची लागण, खुरपणी अशी कामांची नावं घेऊन विचारावं. आणि वाचकहो, घरच्या शेतात बिनपगारी राबणं हेही जनगणनेच्या लेखी कामच आहे. प्रगणक आले की त्या बाईलाच बोलू द्या. ती घरी नसेल, तर तिच्या कामाचे महिने नीट मोजून सांगा.