चहा नको म्हटल्याचे ग्रामण्य

1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानडे प्रभृतींवर ग्रामण्य झाले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. फणसवाडीत माझ्यावर जे झाले, ते चहा न घेतल्याबद्दल!

त्याचे असे झाले. दुपारचा चहा झाला, की कधी कधी माझे डोके ठणके, कान लाल होत, अंगाला खाज सुटे. दोन डॉक्टर झाले. तिसऱ्याने 'हिस्टामिन' हा शब्द काढला. हे द्रव्य आपल्या शरीरात असते, तसे मुरलेल्या-आंबलेल्या पदार्थांत आणि शिळ्या मासळीतही. आतड्यातले डायअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर त्याचा निकाल लावते. ते कमी पडले, की ही कुरकुर.

"चहात हिस्टामिन फारसं नसतं," डॉक्टर म्हणाले. "तो त्या विकराला अडवतो असं काहीजण म्हणतात, पण पुरावा कच्चा. खात्रीची तपासणीही नाही. आठवडाभर नेहमीचं खाऊन वहीत लिहा, मग तीन आठवडे संशयित सगळं सोडा, मग एकेक सुरू करा."

लोणचे सुटले, टोमॅटो सुटला. चाळीत चहा सोडणे मात्र महाकठीण! समोरच्या काकूंनी कप पुढे केला, मी "नको" म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी जिन्यात हिला ऐकवले, "आमच्या हातचं चालत नाही वाटतं!"

हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. काकूंच्या सासूबाईंना याच मजल्यावर एके काळी चहा मिळे, तो दाराबाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपातून.

वही घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. काकूंनी चष्मा लावला, ओळीवर बोट फिरवले.

"भावजी, चहा रोज आहे. खाज बुधवारी, शुक्रवारी नि रविवारी. तेव्हा तुमच्याकडे बांगडा!"

बांगडा मीच चिराबाजारातून आणतो. उशिरा, म्हणजे स्वस्त पडतो. मग पिशवी पायाशी ठेवून वाचनालयात तासभर वर्तमानपत्रे. उन्हाळ्यात तेवढ्यात मासळीत हिस्टामिन वाढते आणि उकळूनही जात नाही, असे डॉक्टरांनी मागाहून सांगितले. फार झाले तर ते कोणालाही बाधते; माझ्यासारख्याला थोडेही पुरते.

तीन आठवडे संपल्यावर चहा सुरू केला तो काकूंकडेच. अर्धा कप, फिका. तासभर बसलो, काही झाले नाही. आणखी अर्धा मागितला, तर म्हणाल्या, "आधी वहीत लिहा."