वनस्पतींचे कृत्रिम ऊन आणि विजेची शिस्त

सूर्याच्या अनुपस्थितीत विजेच्या दिव्यांवर वनस्पती वाढविण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये विल्यम सीमेन्स यांनी विजेच्या कमानदिव्याचा प्रकाश रात्रीच्या वेळी रोपांवर पाडून केलेले प्रयोग १८८० साली रॉयल सोसायटीपुढे मांडले होते. आपल्याकडे या विद्येने ऊतिसंवर्धनाच्या मार्गाने प्रवेश केला. निसर्गात फुलावयास कित्येक वर्षे, काही जातींत तर अनेक दशके घेणारा बांबू काचपात्रात काही महिन्यांत फुलविल्याचे वृत्त पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. जळगावच्या केळीबागांत लावली जाणारी ऊतिसंवर्धित रोपेही आपले बालपण दिव्यांखालच्या मांडणीवरच घालवितात. अलीकडे केशर, कोवळ्या पालेभाज्या व शोभेची रोपे बंद खोलीत वाढविण्याचे प्रयोग महाराष्ट्रात घरोघरीही होऊ लागले आहेत. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु प्रयोगशाळेतून विद्या घरात आली, तिच्याबरोबर प्रयोगशाळेची शिस्त मात्र आली नाही, ही चिंतेची बाब होय.

अशा खोलीच्या अंदाजपत्रकात दिव्यांची निवड प्रथम येते आणि वायरिंगचा विचार शेवटी, उरल्या पैशांत होतो. हा क्रम उलट असावयास हवा. चंदीगडच्या आयटी पार्कसारख्या ठिकाणी संगणकांचे दालन उभारताना स्वतंत्र विद्युतमंडले, भूसंपर्कन व भाराचा हिशेब यांवाचून कोणी काम सुरू करणार नाही. वस्तुतः संगणकाचे दालन कोरडे असते. रोपांच्या खोलीत हवा दमट असते, फरशीवर पाणी सांडते आणि माणूस ओल्या हातांनी काम करतो. म्हणजे जेथे धोका अधिक, तेथेच दक्षता कमी.

या बेफिकिरीस काही अंशी शब्दही कारणीभूत आहेत. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ६५० व्होल्टांच्या पुढील दाबालाच ‘उच्च’ म्हटले होते. घरातील २३० व्होल्ट आजही ‘लघुदाब’ या नावाने ओळखले जातात. परंतु ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध सुमारे १,००० ओमपर्यंत उतरू शकतो. तसे झाल्यास २३० व्होल्टांच्या स्पर्शाने त्याच्या शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. हृदयाची लय बिघडविण्यास याच्या चौथ्या हिश्श्याहून कमी प्रवाहही पुरेसा ठरू शकतो. लघुदाब हा तारांच्या वर्गीकरणापुरता लघु आहे. माणसाच्या शरीराला तो लघु नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. एका खोलीत १०० वॉटचे ३६ दिवे आहेत. एकूण भार ३,६०० वॉट आणि शक्तिगुणक ०.९ धरल्यास २३० व्होल्टांवर प्रवाह सुमारे १७.४ अँपिअर होतो. अनेक ठिकाणी हा सर्व भार १६ अँपिअरच्या एकाच सॉकेटवर, विस्तारपट्ट्या जोडून टाकलेला आढळतो. भार वाढला तर एमसीबी पडेलच, असा मालकाचा समज असतो. पण १६ अँपिअरच्या एमसीबीने १८ अँपिअरच्या आसपासचा प्रवाह किमान तासभर न पडता वाहून न्यावा, अशीच मानकांची अपेक्षा असते. शिवणयंत्र वा इस्त्री अधूनमधून चालते. रोपांचे दिवे दिवसाला १६ तास अखंड चालतात. म्हणूनच अमेरिकेच्या वायरिंग-संहितेत तीन तास वा अधिक चालणारा भार ‘अखंड’ मानून त्याच्या सव्वापट क्षमतेची योजना करावयास सांगितले आहे.

खरा घातक शत्रू म्हणजे सैल जोड. एखाद्या जोडाचा रोध पाव ओम झाला, तर १७.४ अँपिअर प्रवाहाने तेथे सुमारे ७५ वॉट उष्णता निर्माण होते. प्लास्टिकच्या लहानशा पेटीत ती कोंडली म्हणजे आग लागावयास वेळ लागत नाही. प्रवाह मात्र वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबी स्वस्थ राहतो. हेच ३६ दिवे बारा-बारांच्या तीन मंडलांत विभागले, तर प्रत्येकात ५.८ अँपिअर वाहतील. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने त्याच जोडात ती एक नवमांश, म्हणजे साडेआठ वॉटांच्या आत येईल. विभागणीने सोय तर होतेच, सुरक्षितताही नऊपट वाढते.

माणसाच्या रक्षणासाठी एमसीबी पुरेसा नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर तत्काळ प्रवाह तोडणारा आरसीसीबी आणि प्रत्येक धातूच्या मांडणीस पक्के अर्थिंग हवे. येथे एक व्यावहारिक अडचण येते. एलईडीच्या प्रत्येक चालकातून अत्यल्प गळती स्वाभाविकपणेच होत असते. असे अनेक चालक एकाच आरसीसीबीवर टाकले म्हणजे तो विनाकारण पडू लागतो. मग कंटाळलेला मालक तो काढून टाकतो किंवा त्याला वळसा घालून तार जोडतो. हा उपाय रोगापेक्षा वाईट होय. योग्य उपाय एकच: प्रत्येक मंडलास स्वतंत्र आरसीसीबी.

वेळयंत्राचेही तसेच. सर्व दिवे एकदम लागताना क्षणभर मोठा प्रवाह उसळतो व स्वस्त वेळयंत्राचे स्पर्शक चिकटून जातात. वेळयंत्राने केवळ कॉन्टॅक्टर चालवावा, भार कॉन्टॅक्टरने उचलावा आणि मंडले थोड्या थोड्या अंतराने सुरू व्हावीत. तीन फेज घेतल्यास न्यूट्रलची जाडी कमी करू नये. ती तुटली तर २३० व्होल्टांच्या दिव्यांवर ४०० व्होल्टांपर्यंत दाब येऊ शकतो.

या सर्वांचा खर्च लहान उत्पादकाला परवडणारा नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो विचारात घेण्यासारखा आहे, पण टिकणारा नाही. वरील खोलीला लागणारी साधने दिव्यांच्या किमतीपुढे फार मोठी नाहीत. आणि परवडत नसेल तर दिवे कमी करावेत, संरक्षण कमी करू नये. बंद खोलीतील शेतीचे वर्ग चालविणाऱ्यांनी आणि तिला कर्ज वा अनुदान देणाऱ्यांनी परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी-अहवाल ही पहिली अट ठेवावी. आज त्या वर्गांत खतांची मात्रा व प्रकाशाचे रंग तपशीलवार शिकविले जातात. तेवढ्याच अगत्याने मंडलांची विभागणी शिकविली गेली पाहिजे. उत्पादकानेही दरमहा आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबून पाहावे आणि जोडांचा कसून तपास परवानाधारक तारतंत्र्याकडून वर्षातून एकदा तरी करून घ्यावा.

पीक बुडाले तर पुढच्या हंगामात भरून काढता येते. ओल्या फरशीवर उभे राहून रोपांना पाणी घालणाऱ्या माणसाच्या जिवाला मात्र दुसरा हंगाम नसतो.