रूममेटला एवढं तरी माहीत असू द्या

मा. सरपंच आणि सदस्य,
ग्रामपंचायत मारुंजी, ता. मुळशी यांस,



हिंजवडीच्या आयटी पार्कमुळे आपलं गाव भाडेकरूंनी भरलं. लातूर, यवतमाळ, जळगावहून आलेली पोरं इथे एकेका फ्लॅटमध्ये तिघं-चौघं राहतात. त्यातल्या एखाद्याला जगणं नकोसं झालं, तर रात्री दोन वाजता त्याच्याजवळ कोण असतं? आईवडील रात्रभराच्या प्रवासाइतके लांब. असतो तो रूममेट, अकरा महिन्यांच्या करारापुरता आप्त.

माझ्या धाकट्या भावाला त्याच्या रूममेटनेच सांभाळलं. पण मला फोन करायला तो रूममेट कचरत होता. "ताई, पोलीस केस झाली असती तर? मालकाने खोली सोडायला सांगितली असती तर?"

केसची भीती जुन्या कायद्याची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली आहे असंच धरायचं आणि त्याच्या उपचारांची सोय सरकारने करायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतलं या प्रयत्नाचं कलम ३०९ घेतलेलंच नाही. खोली रिकामी करायला लावणाऱ्या मालकासाठी मात्र कलम शोधून उपयोग नाही. त्याला गावानेच समजवावं.

म्हणून विनंती. डेंग्यूची सूचना लागते त्याच फलकावर, आणि प्रत्येक सोसायटीच्या लिफ्टमध्ये, 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. फोन मोफत, चोवीस तास सुरू, मराठीतही बोलता येतं. जवळ बसलेल्यानेही तो लावावा आणि विचारावं, आता मी काय करू?

खाली मोठ्या अक्षरांत लिहा: 'जीव द्यावासा वाटतोय का?' असं सरळ विचारा. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर ऐकून घ्या. "आईवडिलांचा तरी विचार कर" हे नकोच. जो आधीच स्वतःला घरावरचं ओझं समजतोय, त्याला ते आणखी दाबतं. एकटं सोडू नका. औषधं, धोक्याच्या वस्तू त्याच्या हाताशी ठेवू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८. आणि दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे फार जपायचे असतात, हेही लिहा. आम्हाला वाटलं होतं, सुटलो.

भाडेकरू आला की पोलीस पडताळणीचा फॉर्म भरून घेतातच. तेव्हाच घरच्या दोघांचे नंबर रूममेटकडेही राहतील असं पाहायला सोसायट्यांना सांगा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, आणि भाडेकरूंनाही बोलवा. मी येईन. भावाची तयारी असेल तर तोही येईल.

आपली,
मारुंजीतली एक भाडेकरू