महामहीम, माननीय आणि नुसतं 'राष्ट्रपती'

गेल्या आठवड्यात एकाच पोस्टवरून मला दोन फोन आले. पोस्टमध्ये मी 'राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू म्हणाल्या' एवढंच लिहिलं होतं. पहिला फोन एका निवृत्त गुरुजींचा. "महामहीम राहू द्या, निदान माननीय तरी लावायचं. देशाच्या प्रथम नागरिक आहेत त्या." दुसरा फोन कॉलेजातल्या एका मुलाचा. त्याची तक्रार बरोबर उलटी. "सर, लोकशाहीत एवढं 'म्हणाल्या' कशाला? आपल्या टॅक्सवर पगार आहे ना त्यांचा?"

दोघांनाही फोनवर थोडक्यात उत्तर दिलं. पण हा विषय थोडक्यात मिटणारा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी गुरुजींसाठी कागदावरचा नियम. ऑक्टोबर २०१२मध्ये, प्रणव मुखर्जी राष्ट्रपती असताना, खुद्द राष्ट्रपती भवनानेच जाहीर केलं की देशांतर्गत कार्यक्रमांत 'महामहीम' वापरायचं नाही. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्या पदाआधी 'माननीय', नावाआधी 'श्री' किंवा 'श्रीमती', आणि समोरासमोर 'राष्ट्रपती महोदय'. बस. परदेशी पाहुण्यांसोबतच्या भेटीगाठींत तेवढा जुना रिवाज ठेवला, कारण तो आंतरराष्ट्रीय शिष्टाचाराचा भाग. म्हणजे ज्यांच्यासाठी तो शब्द होता त्यांनी तो सोडला. आपल्याकडचे सूत्रसंचालक मात्र तो सोडायला तयार नाहीत. माईक हातात आला की राज्यपाल 'महामहीम' होतात, पालकमंत्री 'लोकनेते' होतात आणि नगरसेवक 'विकासपुरुष'.

संविधानाच्या १८व्या अनुच्छेदाने सैनिकी आणि विद्याविषयक सोडून बाकी किताब देणं बंद केलं. इंग्रजांनी वाटलेले रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर इतिहासजमा झाले. त्या रिकाम्या जागेत आपण 'मा. ना.' आणून बसवले. सीबीएसपासून द्वारकेपर्यंत एक चक्कर मारा आणि फ्लेक्स वाचत जा. 'मा. ना.', 'मा. खा.', 'मा. आ.'! वाढदिवस कोणाचा आहे हे कळेपर्यंत सिग्नल सुटतो.

(जुन्या पत्रांत आपण कोणालाही 'रा. रा.' लिहायचो, म्हणजे राजमान्य राजेश्री. कारकुनालाही आणि किराणावाल्यालाही. सगळेच राजमान्य असले की कोणाला चढत नाही, हा त्याचा फायदा होता.)

आता त्या मुलाचा मुद्दा. त्याला वाटतं की आदरार्थी क्रियापद म्हणजे लाचारी. तसं नाही. मराठीत आदरार्थी बहुवचन ही कोणा पदासाठी राखून ठेवलेली चीज नाही. शेजारच्या काका आले, मास्तर म्हणाले, डॉक्टर बाहेर गेलेत, हे आपण दिवसभर बोलतो. आणि एकेरी म्हणजे अपमान असंही नाही. पंढरीच्या विठोबाला आपण 'तू' म्हणतो, वणीच्या सप्तशृंगीला 'आई, तू' म्हणतो. तिथे 'तू' म्हणजे जवळीक. राष्ट्रपतींशी माझी तशी जवळीक नाही आणि असूही नये. मी नागरिक, त्या पदावर. 'तुम्ही' म्हटल्याने मधे जे अंतर राहतं ते प्रश्न विचारायला सोयीचंच असतं.

एकेरीवर आलं म्हणजे निर्भीड झालं, या समजुतीचं काय होतं ते जुलै २०२२मध्ये दिसलं. लोकसभेतले काँग्रेसचे नेते अधीर रंजन चौधरी एका वाहिनीशी बोलताना मुर्मूंना 'राष्ट्रपत्नी' म्हणाले. दुसऱ्या दिवशी संसदेत गदारोळ. मी बंगाली, हिंदी माझी भाषा नाही, जीभ घसरली, असं त्यांचं म्हणणं. शेवटी राष्ट्रपतींना पत्र लिहून माफी मागितली. त्या दिवसांत संसदेत महागाई आणि जीएसटीवरून विरोधकांचा आवाज चढलेला होता. त्या एका शब्दाने चर्चा तिकडून इकडे वळली. सरकारला अडचणीत आणायला निघालेल्या माणसाने सरकारलाच हत्यार दिलं.

या शब्दावरून काथ्याकूट आपण मराठी माणसांनी त्याआधीच, २००७मध्ये केला होता. आपल्या शेजारच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती होणार म्हटल्यावर 'बाईला पती कसं म्हणायचं' हा प्रश्न लोकांना पडला. कोणी राष्ट्राध्यक्ष सुचवलं, कोणी नुसतेच विनोद केले. खरं तर 'पती' म्हणजे इथे नवरा नव्हे, धनी, सांभाळणारा. सेनापती, कुलपती, सभापती. स्वातंत्र्याआधी काँग्रेसच्या अध्यक्षांनाही राष्ट्रपतीच म्हणत, आणि सरोजिनी नायडूंनी ते पद १९२५मध्ये भूषवलं होतं. आपल्या जिल्ह्यात पंचायत समित्यांवर कितीतरी बाया सभापती झाल्या. 'सभापती मॅडम आल्या का?' हे विचारताना कोणाची जीभ अडखळली नाही. 'पती'चा त्रास झालाच असेल तर तो सरपंचपतीचा. निवडून बाई येते आणि खुर्चीत तिचे 'हे' बसतात. त्या पतीबद्दल मात्र कोणी व्याकरण काढत नाही.

प्रतिभाताईंना खानदेशात लोक राष्ट्रपती झाल्यावरही 'ताई'च म्हणत राहिले. ते गोड आहे आणि त्यात गैर काही नाही. पण पत्रकाराने 'ताई' म्हणावं का? माझं मत आहे, नाही.

डिप्लोमाला असताना आम्हाला बातमीचा साधा नियम शिकवला होता. आधी पद, मग नाव, विशेषण नाही. फिल्डवर आल्यावर कळलं की आपल्या भागात खरी अडचण 'महामहीम'ची नाहीच. राष्ट्रपती नाशिक जिल्ह्यात येतात कितीदा? रामनाथ कोविंद ऑक्टोबर २०१८मध्ये मांगीतुंगीला आले होते, पुढच्या वर्षी नाशिकरोडला लष्कराच्या हवाई दलाला, म्हणजे आर्मी एव्हिएशनला, निशाण द्यायला आले. असल्या दौऱ्यात आमच्या वाट्याला पास, बॅरिकेड आणि लांबून दिसणारं व्यासपीठ येतं. प्रश्न विचारायची संधी नसतेच. खरी अडचण खालच्या पायऱ्यांवर आहे, आणि तिथे शब्द आहेत साहेब, दादा, भाऊ, अण्णा, आबा, नाना.

पत्रकार परिषद आठवा. "भाऊ, एक छोटासा प्रश्न होता." संपलं! समोरचा भाऊ झाला म्हणजे तुम्ही धाकटे झालात. आता सिंहस्थाच्या कामांचं टेंडर कोणाला आणि कसं गेलं हे थोरल्या भावाला कसं विचारणार? विचारलंत तरी तो खांद्यावर हात टाकून "अरे, तू पण ना" म्हणणार, आणि बाकीचे हसणार. नात्याच्या शब्दाने प्रश्नाची हवाच जाते. 'मंत्रिमहोदय, या कामाची निविदा किती जणांनी भरली?' हे वाक्य बोलून बघा. उद्धट नाही, लाचारही नाही. समोरच्याला खांद्यावर हात टाकायला जागा नाही.

बाहेरच्या देशांतही हा घोळ झालाय. १७८९मध्ये अमेरिकेत पहिला अध्यक्ष निवडून आला तेव्हा त्याला काय म्हणायचं यावर त्यांच्या सिनेटमध्ये आठवडेच्या आठवडे चर्चा चालली. 'हिज हायनेस' आणि पुढे 'जनतेच्या स्वातंत्र्यांचे रक्षक' अशी लांबलचक बिरुदावली सुचवली गेली. खालच्या सभागृहाने ती धुडकावली. आज तिथला वार्ताहर 'मिस्टर प्रेसिडेंट' म्हणतो आणि पुढे हवा तो प्रश्न विचारतो. फ्रान्समध्ये जून २०१८मध्ये एका शाळकरी पोराने अध्यक्ष मॅक्रॉन यांना 'काय मनू, बरंय ना?' अशी हाक मारली. मॅक्रॉन यांनी त्याला तिथेच थांबवून सुनावलं की मला 'मस्यू' म्हण, नाहीतर 'अध्यक्ष महोदय' म्हण. कॅमेऱ्यांसमोर एका पोराला एवढं झापायची गरज होती का, यावर वाद होऊ शकतो. पण त्यांनी मागितलेला शब्द बघा. 'मस्यू' तिथे पाववाल्यालाही म्हणतात. 'मिस्टर'ही तसाच, कोणाच्याही नावामागे लागणारा. आणि आपल्या राष्ट्रपती भवनाने २०१२मध्ये नावाआधी ठेवलेलं 'श्री' किंवा 'श्रीमती' लाइटबिलावर आणि लग्नपत्रिकेत आपल्या सगळ्यांनाच मिळतं.

इथे गुरुजी आणि तो मुलगा दोघांनाही एकच गोष्ट विचारायची आहे. राष्ट्रपतींना 'त्या' म्हणायचं की नाही, यावर आपण भांडतोय. बाकीच्यांना काय म्हणतो?

आमच्या धंद्यातली एक सवय सांगतो. कोणताही पेपर उघडा. मंत्र्यांचं 'निधन' होतं, मजुराचा 'मृत्यू' होतो. आमदार 'म्हणाले', शेतकरी 'म्हणाला'. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला चालत निघालेल्या लाँग मार्चमध्ये सुरगाणा, पेठ, कळवणच्या साठी-सत्तरीच्या बाया होत्या. पायाला फोड आलेल्या. फोटो देशभर गाजले. पण फोटोखाली बहुतेक वेळा 'ती'. द्रौपदी मुर्मू संथाल आहेत, ओडिशातल्या मयूरभंजच्या. १९९७मध्ये रायरंगपूरला नगरसेविका म्हणून त्यांनी सुरुवात केली. समजा त्या गावातच राहिल्या असत्या आणि रेशन मिळत नाही म्हणून तहसील कचेरीत आल्या असत्या, तर बातमी अशी झाली असती: 'आदिवासी महिलेने आपली व्यथा मांडली. ती म्हणाली...' तीच बाई, तेच वय. पद आलं आणि 'ती'ची 'त्या' झाली.

आपल्या नाशिकला तरी हे वेगळं सांगायला नको. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३०ला याच गावात सुरू झाला, पुढे १९३५मध्ये बाबासाहेबांची घोषणा येवल्याला झाली. पिढ्यानपिढ्या ज्यांना 'जोहार, मायबाप' म्हणत वाकावं लागलं आणि उत्तरात 'काय रे' ऐकावं लागलं, त्यांच्यात 'जय भीम' रुजला. एक म्हणतो 'जय भीम', दुसरा म्हणतो 'जय भीम'. थोरल्याला वेगळा, धाकट्याला वेगळा असं त्यात नाही.

तेव्हा गुरुजी, 'माननीय' मी बातमीत लावणार नाही. निमंत्रणपत्रिकेत जरूर लावा, तिथे त्याची जागा आहे. आणि मित्रा, 'म्हणाल्या'ही मी सोडणार नाही. मात्र सुरगाण्याच्या आजीही माझ्या बातमीत 'म्हणाल्या'च असतील. डेस्कवरचे मित्र म्हणतात की मथळ्यात जागा पुरत नाही. 'ती' आणि 'त्या', मोजून बघा, दोन्ही एकेकच अक्षर.

एक पेच माझ्याकडूनही सुटलेला नाही, तो आरोपींचा. मोबाइल चोरल्याच्या संशयावरून पकडलेला पोरगा पहिल्या दिवसापासून 'त्याने' असतो, आणि बँक बुडवल्याचा आरोप असलेले अध्यक्ष कोर्टाच्या पायऱ्या उतरतानाही 'त्यांनी'. गुन्हा सिद्ध दोघांचाही झालेला नसतो. दोघांनाही 'त्यांनी' लिहावं तर वाचक वैतागतात, 'त्याने' लिहावं तर बँकवाल्यांच्या वकिलाची नोटीस येते. तुम्ही काय लिहिलं असतं? आणि जमल्यास हेही सांगा, तुमच्या गावच्या महिला सरपंचांना ग्रामसभेत लोक काय म्हणून हाक मारतात?