तारा निघाल्या, पण उपचार संपलेला नाही

दात सरळ करून घेणं ही आता फक्त शहरातल्या श्रीमंतांची हौस राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातही दंतवैद्याच्या पाटीवर ‘वेडेवाकडे दात सरळ केले जातील’ अशी ओळ दिसते. बेताच्या पगाराचं कुटुंबही मुलीसाठी, क्वचित मुलासाठीही, हप्त्याहप्त्यानं पैसे भरतं. दीड-दोन वर्षं तारा सोसल्यावर त्या निघतात, घरात आनंद होतो आणि त्याच दिवशी डॉक्टर हातात एक पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवतात. हा रिटेनर. माझं म्हणणं असं आहे, की उपचाराचा निम्मा भाग इथून पुढं सुरू होतो आणि नेमकं इथंच डॉक्टर, आईबाप आणि पेशंट तिघंही सैल पडतात.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचं जाळं असतं. तारांनी दात सरकवला, तरी नव्या जागी हाड भरून यायला काही महिने जातात. हिरडीतले काही तंतू तर वर्षभरही त्याला जुन्या जागेकडं ओढत राहतात. ही ओढ रिटेनर थोपवून धरतो. चार्ल्स हॉली यांनी 1919 मध्ये तार आणि प्लेटचा रिटेनर मांडला, तो अजूनही वापरात आहे. आज बहुतेकांना मिळतो तो पारदर्शक प्रकार जॉन शेरिडन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुढं आणला.

हा बनतो कसा, ते कळलं की अर्धी काळजी आपोआप समजते. प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून मऊ करतात, दातांच्या साच्यावर टाकतात आणि मशीननं हवा ओढून घट्ट बसवतात. म्हणजे उष्णतेनं घडलेली वस्तू. ती उष्णतेनंच बिघडणार. त्यात वापरलं जाणारं एक नेहमीचं प्लास्टिक 80 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. आपल्या घरांत मात्र ‘उकळून घेतलं की स्वच्छ’ हा पक्का समज. बाळाची बाटली उकळतो, तसा रिटेनरही पातेल्यात जातो. बाहेर येतो तेव्हा दिसायला तसाच असतो, पण दातांवर बसत नाही. दोष मग डॉक्टरांच्या मापाला दिला जातो. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेला डबा, तोंडात रिटेनर ठेवून घेतलेला कडक चहा, यांचाही परिणाम त्याच जातीचा.

दुसरा गैरसमज टूथपेस्टचा. जी दात साफ करते ती प्लास्टिकही करेल, असं वाटतं. पण पेस्टमध्ये घासणारे कण असतात, कोळशाच्या आणि ‘पांढरे दात’वाल्या पेस्टमध्ये तर ते आणखी त्रासदायक. त्यांनी बारीक चरे पडतात, चऱ्यांत जंतूंचा थर बसतो, वास येऊ लागतो. खरं काम अगदी स्वस्तात होतं. गार किंवा कोमट पाणी, वेगळा ठेवलेला मऊ ब्रश आणि सौम्य हँडवॉश किंवा भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. भांड्यांची पावडर आणि घासणी नको. तोंडातून काढल्या काढल्या धुवावा, कारण लाळ वाळली की थर चिकटून बसतो. त्यातूनच पुढं पांढरट खर जमते. ती निघाली नाही तर पांढरं व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून पंधरा-वीस मिनिटं बुडवावा, मग नीट धुवावा. फेसाळणाऱ्या गोळ्या मिळतात, चालतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. अशा अनेक गोळ्यांत असणाऱ्या परसल्फेटची काहींना ॲलर्जी होते. अमेरिकेच्या एफडीएनं 2008 मध्ये कंपन्यांना तसा इशारा छापायला सांगितलं होतं. गोळीचं पाणी तोंडात घेण्यासाठी नसतं, हे तरी घरात सगळ्यांना माहीत हवं.

खाताना रिटेनर काढायचा, हे सगळे सांगतात. पिण्याबद्दल कुणी बोलत नाही. साधं पाणी सोडून काहीही प्यायचं तर तो काढावा. गोड चहा किंवा सरबत आत अडकलं की लाळ तिथवर पोचत नाही आणि दात किडतो. हळदीचा डाग तर प्लास्टिक सहजासहजी सोडत नाही. रश्श्याची चव घ्यायचा मोह असेल, तर आधी डबा उघडा.

रमजानमध्ये हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. सहरी करून, फजर पढून लोक पुन्हा आडवे होतात. दात न घासता वर रिटेनर चढवला, तर अन्नाचे कण दिवसभर त्याच्याखाली राहतात. तेव्हा सहरीनंतर आधी दात, मग रिटेनर. दिवसा पेस्ट वापरायला मन धजत नसेल, तरी प्लेट तोंडाबाहेर, हातात धरून धुवायला काय हरकत? वजू करताना मात्र ती नळाच्या कट्ट्यावर ठेवू नये. कागदात गुंडाळूनही ठेवू नये, कचरा म्हणून फेकली जाते. भोकं असलेला डबा खिशात असला की झालं.

आता मला ज्याचा राग येतो ते. मुलीचे दात लग्नाआधी सरळ व्हावेत म्हणून घर धडपडतं. निकाहानंतर तीच मुलगी रिटेनर घालायचा बंद करते. सासरच्या सामाईक बेसिनवर तो डबा दिसला तर ‘हिला कवळी आहे का?’ असं कुणी विचारेल, ही भीती. अम्मी सांगतात, आता राहू दे. म्हणजे खर्च तिच्या दातांसाठी नव्हताच, तो फोटोपुरता होता! नानीची कवळी वाटीत ठेवलेली ज्या घराला चालते, त्याला सुनेचा डबा का खुपावा?

डॉक्टरांकडूनही अपेक्षा आहेच. इतके पैसे घेतल्यावर मराठीत लिहिलेला एक कागद द्यायला काय लागतं? दोन मिनिटांत, निम्म्या इंग्रजीत सांगितलेलं खुर्चीवरून उठेपर्यंत विसरलेलं असतं. दातांचा साचा दवाखान्यात जपून ठेवणार की पेशंटला देणार, हेही तेव्हाच विचारून घ्यावं. दात हलले नसतील तर त्यावरून दुसरा रिटेनर लवकर बनतो. आणि तो चिरला, हरवला किंवा अचानक घट्ट वाटू लागला तर दाबून बसवू नये, पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा.