हातांनीं बोललेले बोलपट

मराठींत आपण जुन्या चित्रपटांना 'मूकपट' म्हणतों, आणि त्यांच्यामागून आले त्यांना 'बोलपट'. हीं नांवें ज्यांनीं दिलीं ते ऐकणारे लोक होते, हें उघडच आहे. ज्याला जन्मापासून ऐकूं येत नाहीं त्याच्या बाजूनें पाहिलें तर ही वांटणी अगदीं उलट करावी लागेल. मूकपटांत कथा डोळ्यांनीं समजे. जें हावभावांनीं सांगतां येत नसे तें पडद्यावर छापील अक्षरांत येई. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस लागला, तेव्हां ऐकूं येणारा एक आणि न येणारा एक असे दोन साक्षर प्रेक्षक शेजारीशेजारी बसले असते, तर दोघांना कथा सारखीच कळली असती. पुढें १४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' आला, दुसऱ्याच वर्षीं 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'नें मराठींत तोंड उघडलें, आणि लोकांच्या आनंदाला पारावार राहिला नाहीं. पडद्यावरचीं अक्षरें मात्र गेलीं. बधिर प्रेक्षकापुरता चित्रपट त्या दिवसापासून मुका झाला.

अलीकडे बधिरांच्या जीवनावरचे आणि खुणांच्या भाषेंत केलेले चित्रपट बरेच निघूं लागले आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या घरींही ते पाहिले जातात. ते पाहून डोळे पुसणारीं माणसें पुष्कळ भेटतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, डोळे पुसण्यापूर्वीं दोन गोष्टी नीट पाहून घ्याव्या: ते हात कोणाचे आहेत, आणि ते पडद्यावर पुरते दिसतात कीं नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खुणांची भाषा म्हणजे अडल्या वेळचे हातवारे नव्हेत, आणि नृत्यांतल्या हस्तमुद्राही नव्हेत. ती जगभर एकच आहे असेंही नाहीं. इंग्लंड व अमेरिका येथील ऐकणारे लोक एकच इंग्रजी बोलतात. परंतु तेथील बधिरांच्या भाषा एकमेकींहून अगदीं भिन्न आहेत, कारण अमेरिकेंतील खुणांच्या भाषेचें मूळ मुख्यतः फ्रान्सांत आहे. अमेरिकेंत इंग्रजी अक्षरें एका हातानें दाखवितात, तर आपल्याकडे दोन हातांनीं. भारतीय खुणांच्या भाषेंत 'काय', 'कोठें' असे शब्द वाक्याच्या शेवटीं येतात, आणि प्रश्न विचारला जात आहे हें भुंवया सांगतात. व्याकरण केवळ बोटांत नसतें, चेहऱ्यावरही असतें. १९६० सालीं विल्यम स्टोकी या अमेरिकन प्राध्यापकानें ह्या भाषेची रचना शास्त्रीय रीतीनें उलगडून दाखवीपर्यंत मोठमोठे विद्वानही तिला भाषा मानावयास तयार नव्हते. आपल्या देशांत दिल्ली येथें भारतीय सांकेतिक भाषेचें संशोधन व प्रशिक्षण करणारी सरकारी संस्था २०१५ सालीं निघाली, आणि २०२१ पर्यंत तिच्या कोशांत १०,००० शब्दांची भर पडली. ज्या भाषेचा एवढा कोश होतो ती येईल तशी करून चालेल काय?

आतां ज्या चित्राचें नांव फारच थोड्यांना ठाऊक आहे त्याविषयीं सांगतों. इटलींतील मिलान शहरीं १८८० सालीं बधिरांच्या शिक्षकांची एक परिषद भरली. तींत जमलेले जवळजवळ सर्वच ऐकणारे होते. बधिर मुलांना खुणांनीं न शिकवितां ओंठ वाचावयास व तोंडानें बोलावयासच शिकवावें, असा ठराव त्यांनीं केला, आणि अनेक देशांतील शाळांतून हातांना बंदी झाली. मुंबईंत बधिर मुलांची पहिली शाळा १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांच्या प्रयत्नानें निघाली, ती ह्याच काळांत. आपल्याकडील शाळांतही पुढें दीर्घकाळ ओंठांच्या शिक्षणावरच भर राहिला. अमेरिकेंतील बधिरांच्या राष्ट्रीय सभेस भय वाटलें कीं, असेंच चाललें तर चांगली खुणांची भाषा जाणणारे जुने लोक जातील आणि त्यांच्याबरोबर ती भाषाही जाईल. ती कागदावर लिहितां येत नव्हती. तेव्हां नव्यानेंच निघालेल्या चित्रयंत्राचा आश्रय घ्यावा असें त्यांनीं ठरविलें, आपसांत वर्गणी जमविली, आणि भाषेवर उत्तम प्रभुत्व असणाऱ्या वक्त्यांचीं व्याख्यानें चित्रपटांत उतरवून घेतलीं. त्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध चित्र जॉर्ज व्हेडिट्झ यांचें. ते लहानपणींच बहिरे झालेले होते व त्या सभेचे अध्यक्ष राहिलेले होते. खुणांच्या भाषेचें जतन करा, हाच त्या व्याख्यानाचा विषय. सालही १९१३, म्हणजे आपल्या 'राजा हरिश्चंद्रा'चेंच.

ह्या चित्रांत कथा नाहीं, देखावा नाहीं, नटही नाहींत. एक गृहस्थ उभा राहून हातांनीं व्याख्यान देत आहे, आणि कॅमेरा दोन्ही हात सतत दिसतील इतक्या अंतरावर खिळल्यासारखा उभा आहे. म्हणूनच त्यांतला एकही शब्द हरवत नाहीं. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तें आजही बधिर लोक 'वाचूं' शकतात. २०१० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-संग्रहांत त्याची नोंद झाली. आणि त्याच वर्षीं कॅनडांत भरलेल्या बधिर-शिक्षणाच्या परिषदेनें मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. एकशेंतीस वर्षें लागलीं! पिढ्यान् पिढ्या मुलांचे हात बांकाखालीं दडवून ठेवल्यावर.

ह्या चित्राशीं नंतरच्या कथापटांची तुलना करावी. १९४८ सालच्या 'जॉनी बेलिंडा' ह्या अमेरिकन चित्रपटांत बधिर मुलीचें काम जेन वायमन ह्या नटीनें केलें. ऐकूं न येणें म्हणजे काय हें समजावें म्हणून तिनें कानांत मेण घातलें, आणि तिला ऑस्कर पारितोषिक मिळालें. कष्ट प्रामाणिक होते ह्यांत शंका नाहीं. परंतु कानांत मेण घालून बहिरेपण कळेल, भाषा येणार नाहीं.

आपल्याकडे ह्या विषयावरचा पहिला मोठा चित्रपट म्हणजे गुलजार यांचा १९७२ सालचा 'कोशिश'. त्याचें बीज १९६१ च्या एका जपानी चित्रपटांत होतें. संजीवकुमार व जया भादुरी यांनीं बधिर पतिपत्नींचीं कामें केलीं, आणि संजीवकुमार यांस राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. बाळाला ऐकूं येतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आईबाप खुळखुळा वाजवितात, बाळ वळत नाहीं, आणि दोघांचें काळीज फाटतें. पुढें कळतें कीं दोष बाळाच्या कानांत नसून खुळखुळ्यांतच होता. हा प्रसंग ज्याला सुचला त्यानें बधिरांच्या घराचा उंबरठा खरोखर ओलांडला आहे. 'कोशिश'नें बधिरांविषयीं जो आदर उत्पन्न केला तो दहा व्याख्यानांनीं झाला नसता, आणि आम्ही त्या चित्रपटाला नांवें ठेवीत नाहीं. पुढें १९९६ च्या 'खामोशी'त गोमंतकांतील एका बधिर जोडप्याचीं कामें नाना पाटेकर व सीमा विश्वास यांनीं केलीं. २००५ च्या 'इक्बाल'मध्यें श्रेयस तळपदे यांनीं बधिर गोलंदाज रंगविला. सर्व नट गुणी, आणि सर्व ऐकणारे.

निर्मात्यांचें ह्यावर उत्तर ठरलेलें असतें: प्रसिद्ध नटावांचून लोक येत नाहींत, आणि नट म्हटला कीं तो राजाही होतो व भिकारीही, मग बहिरा कां न व्हावा? ह्या उत्तरांत अर्थ नाहीं असें नव्हे. परंतु राजाचें काम करणाऱ्या नटाला राजाची भाषा तरी बोलतां यावी लागते. मराठी न येणाऱ्या नटानें आठ दिवसांत पाठ करून मराठी नाटकांत भाषण केलें तर आपल्या पिटांतले प्रेक्षक तें किती वेळ चालूं देतील? शिवाय भिकाऱ्याच्या कामावांचून भिकाऱ्याचें अडत नाहीं. बधिर नटाला मात्र बधिराचेंही काम मिळालें नाहीं, तर त्यानें करावें तरी कोणतें?

संधि मिळाली तेव्हां काय झालें हें पाहावें. 'चिल्ड्रेन ऑफ अ लेसर गॉड' ह्या १९८६ च्या चित्रपटांत मार्ली मॅटलिन ह्या बधिर तरुणीनें नायिकेचें काम केलें, आणि एकविसाव्या वर्षीं ऑस्कर मिळविलें. पण तेथेंही नायिका खुणांनीं जें जें म्हणे तें तें ऐकणारा नायक मोठ्यानें बोलून दाखवी. चित्रपट कोणाकरितां होता हें ह्यावरून ध्यानांत येईल. ह्याच्या अगदीं दुसऱ्या टोकाला युक्रेनमध्यें २०१४ सालीं निघालेला 'द ट्राइब' गेला. त्यांतले नट बधिर, भाषा युक्रेनची खुणांची, आणि खालीं भाषांतराचें एकही अक्षर नाहीं. १९३१ नंतर बधिर प्रेक्षक जसा बसत आला तसें ऐकणाऱ्यांनीं एकदां बसून पाहावें, असा तो डाव होता. (तो चित्रपट क्रूर व केवळ प्रौढांकरितां आहे, आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याच्या वाटेस जाऊं नये.)

२०२१ चा 'कोडा' मात्र सहकुटुंब चर्चा करावी असा. मासेमारी करणाऱ्या कुटुंबांत आई, बाप व भाऊ बधिर, आणि एकटी मुलगी ऐकणारी व गाणारी. ज्या फ्रेंच चित्रपटावरून तो घेतला त्यांत आईबापांचीं कामें ऐकणाऱ्या नटांनीं केलीं होतीं, आणि बधिरांनीं त्याबद्दल नापसंती दर्शविली होती. ह्या वेळीं बापाचें काम बधिर नटास दिलें नाहीं तर आपणही काम करणार नाहीं, असें मॅटलिन यांनीं बजावलें. तें काम ट्रॉय कॉट्सर यांनीं केलें, आणि २०२२ सालीं त्यांना व चित्रपटालाही ऑस्कर मिळालें. मुलीच्या गायनाच्या वेळीं आवाज एकाएकीं बंद होतो, आणि आपण आईबापांच्या शेजारीं बसून केवळ इतरांचे चेहरे पाहूं लागतों. त्या रात्रीं बाप मुलीच्या गळ्यावर हात ठेवून तिचें गाणें बोटांनीं ऐकतो. तरीसुद्धां कथेच्या केंद्रस्थानीं ऐकणारी मुलगीच आहे, आणि 'खामोशी'तही तसेंच होतें. बधिर माणसाची गोष्ट सांगावयास घेतली कीं घरांत एक गाणारी मुलगी कां लागते, हें आम्हांस उमगलेलें नाहीं.

पालकांना हा विषय मनोरंजनाचाच वाटेल. पण तसें नाहीं. बहुतेक बधिर मुलें ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटीं जन्मतात. त्या आईबापांनीं मोठा, संसार करणारा, भांडणारा, थट्टा करणारा बधिर मनुष्य कधीं पाहिलेलाच नसतो. मूल हात हालवूं लागलें कीं लोक काय म्हणतील ह्या भयानें ते हात धरून ठेवतात. अशा घरांत पडद्यावरचा बधिर मनुष्य हाच पहिला पाहुणा असतो. तो केवळ कींव करण्याजोगा निघाला तर मुलाविषयींही तेवढीच आशा राहते.

अक्षरांचा प्रश्न उरतोच. मराठी चित्रपटाखालीं अक्षरें आलींच तर पुष्कळदां इंग्रजींत येतात. मराठी शाळेंत शिकलेल्या बधिर मुलाला त्यांचा उपयोग काय? बधिर व अंध प्रेक्षकांना चित्रपट सुलभ व्हावा म्हणून केंद्र सरकारनें २०२४ सालीं चित्रपटगृहांसाठीं नियम जाहीर केले आहेत. ते पाळले जातात कीं नाहीं हें पाहणारे ग्राहक आपणच.

आपल्या शाळेपुरती आमची एक सूचना आहे. पुढील स्नेहसंमेलनाच्या सुमारास जवळच्या बधिर विद्यालयांतील मुलांना चित्रपटास बोलवावें. कोणता चित्रपट लावावा हें त्यांनींच ठरवावें. अक्षरें मराठींत असावीं, खुर्च्या सरळ रांगांऐवजीं अर्धवर्तुळांत मांडाव्या, आणि दिवे अगदीं मालवूं नयेत; अंधारांत त्यांना शेजाऱ्याशीं बोलतां येणार नाहीं.