आजीला ठाऊक होतं म्हणे!

परवा एका सत्कार समारंभात प्रमुख वक्त्यांनी विद्यापीठांच्या वैद्यकीय संशोधन संस्थांची बिनपाण्यानं केली. म्हणणं थोडक्यात असं: ही मंडळी खेड्यात जातात, रक्त काढतात, फॉर्म भरून घेतात, इंग्रजीत निबंध छापतात आणि बढती मिळवतात. गाव होतं तिथंच राहतं. तो पैसा दवाखान्यांना द्या. शेवटी हुकमाचं पान टाकलं, 'एवढं करून शोधलं काय, तर मीठ-साखरेचं पाणी! ते आमच्या आजीला ठाऊक होतं.' कडाडून टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या खिशात मधुमेहाची गोळी असणार, आणि तीही कुणी मोजमाप केल्याशिवाय तिथं आलेली नाही. पण ते असो.

पैशाचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो: खाटा जरूर वाढवा, पण माणसं त्या खाटांवर का येऊन पडतात, हे कुणी विचारायचंच नाही का? इंग्रजीत छापतात हे मात्र खरं आहे. आता आजीकडे वळतो.

ही आजी माझ्या जुन्या परिचयाची आहे. आयोडीनच्या मिठावरून आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तेव्हा ती आली होती. लशींच्या वेळीही आली. कोणी काही मोजायला बसलं की ती हजर होते आणि तिला सगळं आधीच ठाऊक असतं. माझी स्वतःची आजी मात्र जुलाब लागलेल्या पोराचं पाणी तोडायची. वरून ओतलं की खालून जातं, हा तिचा साधा हिशेब. तिच्या नऊ लेकरांपैकी पाच जगली. ती काही मूर्ख नव्हती. डोळ्यांना दिसतं त्यावरून तिनं अनुमान काढलं होतं, आणि नुसत्या डोळ्यांना दिसतं ते इथं फसवं असतं. आतड्यात ग्लुकोजचा हात धरून सोडियम आत शिरतं, त्यांच्यामागोमाग पाणी, आणि कॉलऱ्यातही ही वाट उघडी राहते. हे कुठल्याही आजीला चुलीपुढे बसून कळणं शक्य नव्हतं. ते प्रयोगशाळेत कळलं, १९६०च्या दशकात.

पुढचं पश्चिम बंगालात, सीमेजवळच्या बनगावला कळलं. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडून येत होते आणि छावण्यांत कॉलरा पसरला होता. डॉ. दिलीप महालनबीस तेव्हा कोलकात्यात, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात काम करत होते. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, रुग्ण जमिनीवर पडलेले. त्यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा अशा पुड्या बांधून घेतल्या, पिंपांत मिश्रण कालवलं आणि ते पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. शंभरांतली तीसेक माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्या आत आलं. मग त्यांनी आणखी एक 'निरुपयोगी' काम केलं: सगळं मोजून, लिहून काढलं. तो निबंध आधी नाकारला गेला आणि १९७३ मध्ये छापून आला. लिहिलं नसतं तर बनगावची हकिगत बनगावातच राहिली असती. मीठ जास्त पडलं तर तेच पाणी तान्ह्या मुलाच्या जिवावर उठतं. म्हणून त्या पुडीत साडेतीन ग्रॅम म्हणजे साडेतीनच होते.

वक्त्यांनी गडचिरोलीच्या 'सर्च' या संस्थेचा दाखलाही दिला. पाहा, विद्यापीठाविना काम झालं! ३९ गावांत, घरच्या घरी काळजी घेऊन नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, हे १९९९ साली जगासमोर आलं. पण 'सर्च' उभी करणारं डॉ. बंग दांपत्य मोजण्याचं शास्त्र जॉन्स हॉपकिन्समध्येच शिकून आलं होतं, हे व्यासपीठावरून सांगायचं राहून गेलं. वेळ कमी असेल.

मी या संस्थांची वकिली करत असलो तरी ती आंधळी नाही. आमच्या गावात एका महाविद्यालयाची पोरं तीन वर्षं ओळीनं 'शौचालय आहे का?' विचारत आली. तिसऱ्या खेपेला चुलत्यांनी उलट विचारलं, 'बांधून देताय का?' पोरं वही मिटून गेली, ती पुन्हा दिसली नाहीत. अशा वह्यांची रद्दी घालावी, माझी हरकत नाही.

मला हवी आहे ती संस्था एकाच मुलखात ठाण मांडून बसणारी. पुण्याच्या केईएम रुग्णालयानं इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या जोडीनं १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची पाहणी सुरू केली. जन्मलेली बाळं इंग्रज बाळांहून हडकुळी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानानं टिकून, असं आढळलं. मधुमेहाचं मूळ आईच्या पोटापर्यंत मागे नेणारी ही वाट. ती बाळं मोठी झाली, तरी अभ्यासकांनी त्यांचा माग सोडला नाही. असं करावं, आणि हाती लागलेलं गावाला मराठीत, चावडीवर सांगावं. याहून मोठी योजना माझ्यापाशी नाही.

समारंभानंतर चहाच्या टेबलाशी वक्त्यांना गाठलं आणि विचारलं, 'तुमच्या आजी लिटरभर पाण्यात मीठ किती घालत?'

'चवीपुरतं,' ते म्हणाले.